दहावा बोळा

१

इंजिन उघडलं की मेस्त्री आधी चिंध्या फाडायचे. वरचं हेड काढलं की खाली ब्लॉकमध्ये भोकंच भोकं उघडी पडतात, काही तेलाची, काही पाण्याची. त्यात एखादा नट किंवा कचऱ्याचा खडा पडला तर सगळी मेहनत वाया. म्हणून प्रत्येक भोकात चिंधीचा एकेक बोळा. बोळे सगळेच मेकॅनिक कोंबतात. मेस्त्रींची तऱ्हा अशी, की सगळे बोळे एकाच कापडाचे हवेत आणि प्रत्येकाला एक गाठ हवी. मेस्त्री डावखुरे, त्यामुळे गाठही उलटी पडायची. हेड परत बसवायच्या आधी ते बोळे काढून बाकावर ओळीने मांडायचे आणि मोठ्याने मोजायचे. नऊ घातले तर नऊ. आठ भरले तर जेवण बंद, आधी नववा शोधायचा. चाळीस वर्षांत आठ कधी भरले नव्हते. बाजूचे दुकानदार हसायचे, म्हणायचे, मेस्त्री इंजिन कमी जोडतात आणि हजेरी जास्त घेतात.

लेकीच्या व्हॅनचं काम त्यांनी असंच केलं, उलट जरा जास्तच निगुतीने. लायनर नवे, पिस्टन नवे, हेड लेथवर घासून सपाट करून आणलेलं, गॅस्केट कोरं. अकरा दिवस लागले. शेवटी नऊ बोळे मोजले, पत्र्याच्या डब्यात टाकले आणि हेड आवळलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मेस्त्रींनी बायकोला बोलावून नुसता आवाज ऐकवला. "ऐकलंस?" ते म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, पण उभी राहून ऐकलं तिने.

व्हॅन लेकीच्या पोटाचं साधन होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती पाच पेशंटना डायलिसिससाठी चढापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची आणि परत आणायची. त्या पाचांना उशीर म्हणजे चेष्टा नव्हती. कामानंतरच्या दुसऱ्या फेरीला, बुधवारी सकाळी, तिचा फोन आला.

"बाबा, सुई वर गेली."

"किती वर?"

"लालमध्ये. चढाच्या मध्यावर उभे आहोत. पेशंटमधल्या आजोबांना उलटी झालीये."

मेस्त्रींनी दुसरी गाडी पाठवली, पेशंट दीड तास उशिरा पोचले, आणि व्हॅन दोरीला बांधून गॅरेजात आली. लेकीने किल्ली बाकावर ठेवली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "शुक्रवारचं मी कसंतरी भागवते. सोमवारी मला तुमचा शब्द हवा. तुम्ही ठीक आहे म्हणालात की मी डोळे झाकून नेईन. नाही म्हणालात तर नाही नेणार."

२

नुकतं मोठं काम झालेलं इंजिन तापलं, की चोर घरातच असतो. हे मेस्त्री दुसऱ्यांना नेहमी सांगायचे. आता स्वतःला सांगायची पाळी आली होती.

गुरुवारी त्यांनी एकेक संशयित उभा केला. रेडिएटर उलटा धुतला, पाणी स्वच्छ आलं. पट्टा ताणलेला. झाकण धड. पंपाची पाती शाबूत. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून गाडीचं तोंड उंचावर करून हवा काढली, चार बुडबुडे आले आणि संपले. थर्मोस्टॅट, म्हणजे तापलं की पाण्याला वाट उघडणारी झडप, काढून घरी नेला, भांड्यात पाणी उकळून त्यात सोडला आणि बघत बसले.

"माझ्या भांड्यात पुन्हा ते लोखंड?" बायको म्हणाली.

"धुऊन देतो."

"मागच्या वेळी पण धुऊनच दिलं होतं. आठवडाभर चहाला डिझेलचा वास."

थर्मोस्टॅट उघडायला हवा तिथेच उघडला. त्याचा गुन्हा नव्हता. पण गॅरेजात परत येऊन त्यांनी पाणी पाहिलं तर दोन लिटर कमी. सकाळीच काठोकाठ भरलं होतं. इंजिन जेमतेम वीस मिनिटं चाललं होतं. त्यांनी खाली पुठ्ठे अंथरले, पुठ्ठे कोरडे. पाणी तेलात गेलं असेल तर तेल दुधासारखं होतं. तेल काळं, स्वच्छ. धुरातून गेलं असेल तर धूर पांढरा येतो, तोही नव्हता.

मग ते लेथवाल्याकडे गेले. लेथवाला त्यांचा तीस वर्षांचा मित्र, आणि हेड त्यानेच घासलेलं. मित्रावर संशय घेण्यासारखं दुसरं अवघड काम नाही, म्हणून मेस्त्रींनी आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

"तू माझ्या कामात खोट काढायला आलायस," लेथवाला म्हणाला.

"मी कुठे काय म्हणालो?"

"तू पावसाबद्दल बोललास की मला कळतं." त्याने पट्टी आणली, तसंच घासलेलं दुसरं हेड उचललं आणि उजेडासमोर पट्टी टेकवून दाखवली. केसाएवढी फट नव्हती. "माझा हात बघ. आता तुझा बघ. पाणी कुठेतरी मुरतंय मेस्त्री, पण माझ्या दुकानात नाही."

मेस्त्री परतले. वाटेत त्यांनी आपला डावा हात खिशातून काढून समोर धरला. हात थरथरत नव्हता. निदान तेव्हा तरी नव्हता.

३

शुक्रवारी सकाळी नऊला त्यांनी शटर वर केलं. गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. डावीकडे बाक, त्यावर पाने ओळीत, मागच्या भिंतीला एक खिडकी, आणि मध्ये व्हॅन. बॉनेट उघडून त्यांनी सवयीने ब्लॉकवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

इंजिन गरम होतं.

गुरुवारी दुपारी बंद केलेलं इंजिन शुक्रवारी सकाळपर्यंत फरशीसारखं गार पडायला हवं. हे चांगलं गरम होतं, अर्ध्या तासापूर्वी कोणीतरी चालवून आणल्यासारखं. आणि शांततेत त्यांना आवाज ऐकू आला. टक. टक. तापलेलं लोखंड गार होताना असा आवाज करतं, आणि गार होता होता दोन आवाजांमधलं अंतर वाढत जातं. मेस्त्री स्टुलावर बसून घड्याळ लावून ऐकत राहिले. अंतर वाढत नव्हतं.

त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शटरच्या किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे आणि एक घरात खुंटीला. व्हॅनच्याही दोन, आणि त्यातली एक लेकीकडे. पोरगी गुपचूप गाडी नेते की काय? शुक्रवारचं कसंतरी भागवते म्हणाली होती. 'कसंतरी' म्हणजे कसं? त्यांनी किलोमीटरचा आकडा भिंतीवर खडूने लिहिला, चारही चाकांच्या तळाशी फरशीवर बारीक रेघ मारली आणि जाताना बॅटरीची तार काढून घरी नेली. स्वतःच्या लेकीसाठी सापळा लावताना त्यांना लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तार परत ठेवली नाही.

शनिवारी सकाळी रेघा जागच्या जागी होत्या. आकडाही तोच. बॅटरीची तार त्यांच्या पिशवीत होती. इंजिन गरम होतं, आणि पाणी पुन्हा दोन लिटर कमी.

दहाच्या सुमाराला लेक आली. भिंतीवरचा आकडा तिने वाचला, चाकांखालच्या रेघा पाहिल्या. ती हुशार होती, तिला सांगावं लागलं नाही.

"माझ्यावर पाळत ठेवलीत?"

"तुझ्यावर नाही गं."

"मग कोणावर? आई व्हॅन चालवते?" ती स्टुलावर बसली. जरा वेळाने आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, रागावू नका. आपण कॉम्प्युटरला दाखवूया का?"

कॉम्प्युटर म्हणजे मेस्त्रींचा जुना चेला. वीस वर्षांपूर्वी याच बाकाशी पाना धरायला शिकला, आणि आता मोठ्या रस्त्यावर त्याचं चकाचक गॅरेज होतं. गाडीला वायर लावून पडद्यावर रोग वाचायचा, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. भेटला की अजूनही वाकायचा. त्यामुळेच मेस्त्रींना तो जास्त बोचायचा.

"माझं इंजिन मी उघडलं, मीच बघीन," ते म्हणाले.

"सोमवारपर्यंत?"

"सोमवारपर्यंत."

४

ती गेल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. दुपारचं ऊन फरशीवर पट्टा टाकून पडलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि डॉक्टर पोट तपासतात तसा तळहात इंजिनवरून हळूहळू फिरवला. पुढचा भाग कोमट. वरचा भाग कोमट. मग तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, खाली, एक जागा लागली. चटका बसेल इतकी गरम, आणि मोजून एका तळहाताएवढी. तिच्या कडेला बोटभर अंतरावर पुन्हा कोमट.

 याचा अर्थ मेस्त्रींना माहीत होता. त्या जागी आत पाणी फिरत नव्हतं. वाट तुंबली होती. आणि नुकत्याच उघडून बंद केलेल्या इंजिनात पाण्याची वाट एकाच गोष्टीने तुंबते. विसरलेल्या बोळ्याने.

त्यांनी बाकाखालचा पत्र्याचा डबा ओढून उपडा केला आणि मोजायला लागले. नऊ. पुन्हा मोजले. नऊ. एकेक उचलून गाठ पाहिली, सगळ्या उलट्या, सगळ्या त्यांच्याच. तिसऱ्यांदा मोजताना त्यांनी प्रत्येक बोळ्यावर बोट टेकवलं. नऊच घातले होते, नऊच बाहेर होते. म्हणजे आत काही असणं शक्य नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

इंजिनच्या कुशीत, पाण्याच्या वाटेवर, रुपयाएवढ्या पत्र्याच्या टिकल्या ठोकून बसवलेल्या असतात. ती तापलेली जागा बरोबर अशा एका टिकलीभोवती होती. मेस्त्रींनी उरलेलं पाणी काढलं, छिन्नीने टिकली तिरकी केली आणि उपटली. भोकात टॉर्च मारला. आत, अगदी तोंडाशी, कापड दिसत होतं.

ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. मग लांब तोंडाची पक्कड घेतली, कापडाचं टोक धरलं आणि ओढलं. बोळा इंचभर आला आणि अडकला. त्यांनी पक्कड जरा सैल केली, नीट पकड घ्यावी म्हणून. तेवढ्यात बोळा आत गेला.

घसरला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पुन्हा धरला, पुन्हा ओढला. या वेळी पक्कड सैल केली नाही. आणि पलीकडून ओढ लागली. झटका नव्हता तो. दोन माणसं चादर झटकताना समोरचा जशी आपली बाजू ताणून धरतो, तेवढीच, बेताची ओढ. मेस्त्रींनी पाय रोवले, दोन्ही हातांनी ओढलं, आणि पलीकडची पकड एकदम सुटली. बोळा पकडीसकट हातात आला आणि ते मागे बाकावर आदळले.

त्याच कापडाचा बोळा. त्याच्यावर उलटी गाठ. आठवडाभर पाण्यात असायला हवा होता, पण कडक उन्हात वाळल्यासारखा कोरडा होता.

त्यांनी पुन्हा वाकून भोकात टॉर्च मारला. बघायची इच्छा नव्हती, पण चाळीस वर्षांची सवय होती. आत बोटभर अंतरावर सिलिंडरची भिंत असते. उजेड तिच्यावर आदळून परत यायला हवा. उजेड परत आला नाही. तो सरळ जात राहिला, इंजिनच्या जाडीपेक्षा पुष्कळ लांब, आणि कुठेच आदळला नाही. मेस्त्रींनी टॉर्च बंद केला, नवी टिकली लावली आणि ती नीट बसेपर्यंत हातोडा मारत राहिले. बसल्यावरही चार घाव जास्तच घातले.

५

रविवारी व्हॅन गुणी बाळासारखी चालली. मेस्त्रींनी स्वतः चढावर दोनदा नेली, दुसऱ्या वेळी सिमेंटच्या सहा गोण्या मागे टाकून. सुई अर्ध्याच्या खाली थांबली ती थांबलीच. पाणी थेंबभर कमी झालं नाही. बंद केल्यावर दोन तासांत इंजिन गार पडलं.

त्यांनी कारणं जुळवून ठेवली होती. आपण मोजायला चुकलो, घातले दहा आणि लक्षात ठेवले नऊ. पक्कड तिरकी धरली म्हणून ओढ वाटली. डोळ्यांचा नंबर वाढलाय, म्हणून भिंत दिसली नाही. बंद इंजिन का तापत होतं, याला मात्र कारण नव्हतं. पण माणसाला तीन उत्तरं मिळाली की चौथ्या प्रश्नाकडे काणाडोळा करता येतो.

दहावा बोळा त्यांनी बाकाच्या खणात टाकला, नऊ बोळ्यांच्या डब्यात नाही.

संध्याकाळी लेक आली. "काय होतं?" तिने विचारलं.

सांगायची हीच वेळ होती. माझ्याकडून बोळा राहिला, एवढं म्हटलं असतं तरी अर्धं खरं बोलल्यासारखं झालं असतं. पण ही गोष्ट कॉम्प्युटरपर्यंत जाणार, लेथवाल्यापर्यंत जाणार, बाजूचे दुकानदार हसणार. "हवा धरली होती पाण्यात," मेस्त्री म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे ठीक आहे?"

"ठीक आहे," त्यांनी शब्द दिला. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, तिला वाटलेली चिंता न बोलता दाखवायची तिची ही पद्धत होती. मेस्त्रींना स्वतःची किळस आली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

६

सोमवारी ती वेळेवर गेली, वेळेवर आली. "सुई हललीसुद्धा नाही बाबा!" दारातूनच ओरडली. मग स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी उभ्याउभ्या प्यायली. परत भरला, परत प्यायली.

"अगं, बसून पी," तिची आई म्हणाली.

"फार तहान लागलीये. कधीची लागलीये."

जेवणावर तिचं मन नव्हतं. अंग भाजतंय म्हणाली. आईने थर्मामीटर लावला, ताप नव्हता. मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं. त्यांच्याही थर्मामीटरमध्ये ताप नव्हता. पण ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. "पाणी भरपूर पाजा," डॉक्टर म्हणाले. पाणी तर ती घरातलं संपवत होती. घाम येत नव्हता, बाथरूमलाही फारसं जावं लागत नव्हतं. एवढं पाणी जातं कुठे, असं डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटले. मेस्त्री खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

बुधवारी तिला उठवेना. पेशंटना दुसऱ्या गाडीने पाठवलं. सकाळी आई तिचं अंग ओल्या फडक्याने पुसत होती. मेस्त्री दाराबाहेर फेऱ्या मारत होते.

"अहो," बायकोने आतून हाक मारली. "इकडे या. हात लावून बघा."

लेक कुशीवर झोपली होती. बायकोने त्यांचा हात धरून तिच्या पाठीवर, उजव्या बरगडीखाली ठेवला. मेस्त्रींनी हात झटकन मागे घेतला.

"एवढीच जागा," बायको कुजबुजली. "बाकी सगळं अंग गार. ही तळहाताएवढी जागा तेवढी… फडकं ठेवलं की लगेच सुकतं. मी सकाळपासून बघतेय. हे काय असतं हो?"

मेस्त्री आपल्या तळहाताकडे बघत होते. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला इंजिनातलं कळायला लागलं नव्हतं, पण नवऱ्यातलं सगळं कळत होतं.

"तुम्हाला माहितीये," ती म्हणाली. "काय केलंत तुम्ही?"

"आलोच मी," मेस्त्री म्हणाले.

७

गॅरेजमध्ये ऊन होतं. रस्त्यावर माणसं बोलत चालली होती, कोणाच्या तरी दुकानात रेडिओ लागला होता. अशा वेळी, बोळा काढला म्हणून इंजिनातली आग पोरीच्या अंगात गेली, असल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा म्हणजे वेड लागल्याचं लक्षण, हे मेस्त्रींना समजत होतं. ते स्वतःला म्हणाले, कसलासा नवा आजार असेल. मोठ्या दवाखान्यात नेऊ, यंत्रात घालून बघतील. हे म्हणता म्हणताच त्यांचे हात व्हॅनचं पाणी काढत होते.

टिकली उपटली. या वेळी त्यांनी टॉर्च हातात घेतला नाही.

खणातून बोळा काढला. आयुष्यभर ज्या चुकीवरून ते इतरांना हसले, ती आता ते जाणूनबुजून करणार होते, तीही स्वतःच्या लेकीच्या गाडीत. भोक अरुंद होतं, पकडीने बोळा नीट वळेना. शेवटी त्यांनी दोन बोटांत धरून तो आत ढकलला. पहिलं पेर आत गेलं, दुसरं गेलं. आत ऊब होती. बोळा कुठे टेकेल याची ते वाट बघत होते.

तो टेकला नाही. तो त्यांच्या बोटांतून कोणीतरी काढून घेतला. हिसकला नाही. देणाऱ्याच्या हातून घेणारा घेतो तसा, सावकाश, आणि घेताना पलीकडची बोटं क्षणभर त्यांच्या बोटांना लागली.

 टिकली कशी ठोकली, पाणी कसं भरलं, हे त्यांना नंतर आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की ते फरशीवर बसले होते, बोटं शर्टाला पुसत होते, आणि बॉनेटखालून आवाज यायला लागला होता. टक. टक. मग फोन वाजला.

"अहो, पोरीला घाम फुटला," बायको रडत आणि हसत सांगत होती. "पाठ गार झाली. खायला मागतेय."

मेस्त्री तिथेच, व्हॅनच्या चाकाला टेकून, लहान मुलासारखे रडले.

८

शुक्रवारी सकाळी लेक गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. चेहऱ्यावर रंग आला होता. औषधं घेऊन मेस्त्री परत आले आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. बोलायचं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

"व्हॅनचं मला नाही जमलं," ते म्हणाले. "ती पुन्हा तापतेय. हवाबिवा काही नव्हती, मी खोटं बोललो. माझ्याकडूनच चूक झालीये आणि ती मला दुरुस्त करता येत नाही. भंगारात घालू. तुला दुसरी बघतो."

हे सांगायला त्यांना फार जड जाईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात हलकं वाटलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, हे तुम्ही बोललात, तुम्हाला किती जड गेलं असेल." तिने त्यांचा हात धरला. तिचा हात छान गार होता. "पण भंगारात कशाला? काल आईने तुम्हाला पुन्हा तिच्यात पाणी ओतताना पाहिलं, तेव्हाच मी तिला म्हटलं, बाबांचा मान राखायचा तर त्यांच्या नकळत करावं लागेल. तुम्ही औषधं आणायला गेलात ना, तेव्हा कॉम्प्युटर येऊन व्हॅन ओढून घेऊन गेला. आईने किल्ली दिली त्याला."

मेस्त्री उठले. स्टूल मागे पडलं.

"बघा, तुम्ही रागावणारच."

"त्याला फोन लाव," ते म्हणाले. "आत्ता. लाव फोन."

तिने लावला आणि त्यांच्या हातात दिला. गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून मेस्त्रींनी तो कानाला लावला. पलीकडे पान्यांचा खणखणाट होता.

"मेस्त्री, तुम्ही?" कॉम्प्युटरचा आवाज आदबशीर होता, आणि थोडा खुशीतही. "मी तुम्हालाच फोन करणार होतो. वायर लावायचीसुद्धा गरज पडली नाही. तुम्हीच शिकवलं होतं ना, आधी हात फिरव. तिसऱ्या सिलिंडरशी लागली जागा."

"हात लावू नकोस त्याला. ऐक माझं. टिकली परत ठोक."

"अहो, मनाला लावून घेऊ नका. गाठ बघितली मी, तुमचीच आहे, पण हे माझ्यात आणि तुमच्यात राहील. कोणाला कळणार नाही. चुकतो माणूस." तो धापा टाकत होता. "फक्त जाम बसलाय हो. मी ओढतोय आणि च्यायला, कोणीतरी आतून…"

"सोड तो! सोडून दे!"

"थांबा थांबा," कॉम्प्युटर म्हणाला. "हां. आला."

फोनमध्ये पुन्हा पान्यांचा खणखणाट सुरू झाला. मेस्त्रींनी फोन कानाला तसाच धरला होता. मागे वळून बघायचं होतं, मान वळेना. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"झालं ना बाबा काम?" मागून लेक म्हणाली. "मग आत जाताय तर मला जरा पाणी आणा."